सुई लावली? आता नाक वर धरून बघा

गेल्या जानेवारीत निपाणीजवळ तंबाखू निघालेल्या रानात माझं मॉडेल विमान चढता चढता बंद पडलं आणि शेजारच्या उसात घुसलं. पंख जोडता आले. इंजिनाच्या पिस्टनवर मात्र उभे ओरखडे, आणि दाब गेलेला. जमिनीवर त्याचा आवाज उत्तम होता. मी नाक वर धरून बघितलं नव्हतं. म्हणून ही तयारी लिहून काढतोय, साडेसात सीसीच्या टू-स्ट्रोक ग्लो इंजिनासाठी, म्हणजे ठिणगीऐवजी प्लगच्या तापलेल्या तारेवर इंधन पेटवणाऱ्या इंजिनासाठी.

बॅटऱ्या, रेडिओची रेंज तुम्ही बघताच. जागा बेळगावच्या सांबरा विमानतळापासून लांब घ्या.

इंधन मेथनॉलचं, त्यात १८ ते २० टक्के तेल, आणि त्या तेलात थोडं एरंडेल असलं तर फार बरं. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, जे मिळतं ते इंधनातूनच. शिवाय मेथनॉलची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. म्हणजे सुई, इंधन किती जायचं ते ठरवणारा स्क्रू, जादा आवळली की थंडावा कमी आणि वंगणही कमी, दोन्ही एकाच वेळी. माझ्या पिस्टनचं हेच झालं.

टाकीची मधली रेषा सुईच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी. नळ्या पाण्यात बुडवून फुंकून बघा. टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा शिरते आणि तुम्ही दिवसभर सुई फिरवत बसता. फिल्टर साफ, मफलरचा दाब टाकीत नेणारी प्रेशर-नळी घट्ट.

आता सुई. मागच्या वेळची खूण धरून चालू नका. माझी सुई ऑक्टोबरच्या भर दुपारी लावलेली, उडवलं जानेवारीच्या गार सकाळी. गार हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागतं. आंबोली उतरून सावंतवाडीला गेलात तरी तेच, तिथेही सुई थोडी मोकळी करावी लागते.

सुरुवात मोकळ्या सुईनेच करा. मिनिटभर गरम होऊ द्या, मग थ्रॉटल पूर्ण. हात प्रोपेलरच्या मागूनच घालायचा, पुढून कधीही नाही. एकेक क्लिक आवळत गेलं की आवाज चढत जाऊन एका टोकाला पोचतो. तिथून दोन-तीन क्लिक परत मोकळी करा. फेरे मोजणारा टॅकोमीटर असेल तर टोकापेक्षा मिनिटाला ३०० ते ५०० फेरे कमी. टोकावरचा तो आवाज ऐकून तिथेच थांबावंसं वाटतं. थांबू नका.

आणि लगेच उडवूही नका. नाक वर! सोबत्याला विमान घट्ट धरायला सांगा, त्याच्या गळ्यात टॉवेल किंवा लोंबती दोरी नको. थ्रॉटल पूर्ण ठेवून नाक सरळ आभाळाकडे, दहा सेकंद. तेव्हा इंधनाला टाकीतून वर चढावं लागतं, म्हणून मिश्रण कमी पडतं. फेरे टिकले किंवा थोडे वाढले तर ठीक. आवाज बसला, अडखळला तर दोन क्लिक मोकळी करा आणि पुन्हा नाक वर. पुन्हा बसला तर पुन्हा. टाकी अर्धी झाल्यावर एकदा करा, कारण पातळी उतरली की ओढ वाढते. घाई आहे, उजेड जातोय, पोरं बघायला जमलीत, काहीही असो, नाक वर धरल्याशिवाय विमान हातातून सोडायचं नाही. मी सोडलं होतं.

वर गेल्यावर मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसली पाहिजे. रेघ नाहीशी झाली, आवाज पातळ झाला, तर थ्रॉटल कमी करून उतरवा.

उतरल्यावर इंजिन चालू असतानाच इंधनाची नळी काढा, आत उरलेलं इंधन संपून ते आपोआप बंद पडू द्या, मग प्लगच्या भोकातून चार थेंब तेल. मेथनॉल ओल धरतं, बेअरिंग गंजतात, खानापूरकडच्या पावसात तर फारच लवकर. टाकी रिकामी करून ठेवा.