एअरसॉफ्ट बंदुकीचा पल्ला वाढवताना स्प्रिंगला शेवटी हात लावावा

माळेगावच्या यात्रेत किंवा शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात मिळणारी, हाताने खेचून ताणायची आणि सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडणारी साधी एअरसॉफ्ट बंदूक घरी आणली की पहिल्याच संध्याकाळी लक्षात येते की पंधरा-वीस पावलांपुढे तिची गोळी जमिनीकडे झुकू लागते. त्यावर बहुतेकांना सुचणारा इलाज म्हणजे कडक स्प्रिंग. मीही लातूरच्या गंजगोलाईत हिंडून अशी एक स्प्रिंग मिळवली होती. ती बसवून चार-पाच गोळ्या झाडतो न झाडतो तोच पिस्टन, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने हवा पुढे ढकलणारा दट्ट्या, धरून ठेवणारी प्लास्टिकची अडकण, जिला सिअर म्हणतात, ती तुटली आणि बंदूक कायमची ढिली पडली. त्यानंतरच्या बंदुकीवर मी उलट्या क्रमाने काम केले, आणि तोच क्रम येथे देत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाळाव्यात. डोळ्यांवर साधा चष्मा चालत नाही. ईएन 166 या युरोपीय मानकाचे ‘बी’ चिन्ह असलेला, चारही बाजूंनी बंद गॉगल घ्यावा, कारण हे चिन्ह मिळवण्यासाठी सेकंदाला 120 मीटर वेगाने येणाऱ्या सहा मिलिमीटरच्या पोलादी गोळीचा मारा त्याने सोसलेला असतो. दुसरे असे की नळीच्या टोकाचा नारिंगी रंग खरवडू नये, बंदूक रस्त्यावर उघडी घेऊन हिंडू नये, आणि बदल करण्यापूर्वी परवानगीसंबंधी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवरची पाखरे हाकायला ही बंदूक वापरावी असा सल्लाही कोणीतरी देतोच. त्या कामासाठी आपल्याकडे गोफण आहे, आणि सजीवावर ही बंदूक रोखू नये.

सुधारणा झाली की नाही हे कळण्यासाठी आधीचा वेग माहीत हवा. वेग मोजण्याचे यंत्र नसले तरी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून काम भागते. पाच मीटरवर पुठ्ठ्याचे रिकामे खोके टांगावे, त्याच्या मागे दुहेरी गोणपाट सोडावे म्हणजे गोळी उलटून अंगावर येत नाही, मोबाइल बंदुकीजवळ ठेवावा आणि 0.20 ग्रॅमची गोळी झाडावी. ध्वनिमुद्रणाच्या आलेखात पिस्टनच्या धडकेचा आणि पुठ्ठ्याच्या आवाजाचा असे दोन उंचवटे दिसतात. समजा त्यांच्यात 80 मिलिसेकंदांचे अंतर आले. त्यातून पुठ्ठ्याचा आवाज परत येण्याचे सुमारे 15 मिलिसेकंद वजा केले की 65 उरतात, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला 77 मीटर आणि ऊर्जा 0.59 ज्यूल. नळीच्या तोंडाशी खरा वेग याहून दहाएक टक्क्यांनी जास्त असतो, हे ध्यानात ठेवावे. जपानमध्ये, जिथे हा खेळ जन्माला आला, तिथे सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी सुमारे 0.98 ज्यूलची कायदेशीर मर्यादा आहे. आपल्या घरगुती कामासाठीही ती ओलांडण्याचे काही कारण नाही.

आता हवेची गळती पाहावी, कारण स्वस्त बंदुकीत सर्वाधिक ताकद येथेच वाया जाते. दोन्ही भाग स्क्रूने जोडलेली बंदूक उघडता येते. डिंकाने चिकटवलेली असेल तर तिच्यावर मेहनत करू नये. स्क्रू काढताना तिचा मोबाइलवर फोटो घ्यावा, स्प्रिंग उडू नये म्हणून वर कापड धरावे, आणि स्प्रिंग बाहेर काढून ठेवल्यावर पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरचे तोंड बोटाने दाबून पिस्टन हाताने आत ढकलावा. तो अडखळून उलट दाब देत असेल तर काम ठीक आहे. पण लोण्यात सुरी जावी तसा आत सरकत असेल तर पिस्टनवरची रबरी कडी म्हणजे ओ-रिंग, जिला आपल्याकडचे कारागीर सरसकट वायसर म्हणतात, सैल आहे. ती हलकेच उतरवून तिच्या खाचेत नळाला लावायच्या टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे सपाट घालावे आणि रिंग पुन्हा चढवावी. एवढ्याने तिचा घेर केसभर वाढतो आणि तेवढे पुरते. वेढे जास्त झाले तर पिस्टन घासतो आणि वेग उलट कमी होतो, म्हणून एकेक वेढा वाढवून पुन्हा पुन्हा बोट लावून पाहावे.

वंगण म्हणून फक्त सिलिकॉन ग्रीस वापरावे, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढेच. गॅरेजमधले ग्रीस किंवा खोबरेल तेल रबराला मानवत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यातली धूळ जादा ग्रीसला चिकटून सिलिंडरच्या भिंती खरवडते. मे महिन्यात बंदूक पत्र्याच्या खोलीत ठेवली तर रबर लवकर कडक होते, हेही विसरू नये.

यानंतर गोळ्या. यात्रेतल्या पुडीतल्या पिवळ्या गोळ्या बहुधा 0.12 ग्रॅमच्या असतात, वजनाला हलक्या आणि सांध्यावर शिवण आलेल्या. हलकी गोळी नळीतून जोरात निघते, पण हवा तिला चटकन थोपवते: हिशेबाने 20 मीटरवर तिचा वेग जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो, तर 0.20 ग्रॅमची गोळी निम्म्याच्या आसपास वेग राखून असते. म्हणून गुळगुळीत, 5.95 मिलिमीटर व्यासाच्या 0.20 ग्रॅमच्या गोळ्या घ्याव्यात. काळ्या मातीत पडलेली गोळी पुसून पुन्हा भरण्याचा मोह टाळावा. तिला चिकटलेला एखादा कण नळीत चरा पाडून जातो.

पल्ल्याचा खरा लाभ मात्र हॉप-अपमध्ये आहे. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूस रबराचा एक लहान उंचवटा गोळीला घासतो, त्यामुळे गोळी उलटी फिरत पुढे जाते आणि मॅग्नस परिणामामुळे हवा तिला उचलून धरते. फिरकी नसलेली गोळी 20 मीटरपर्यंत हातभराहून अधिक खाली येते. योग्य फिरकी मिळालेली गोळी तेवढे अंतर जवळजवळ सरळ रेषेत कापते. काही बंदुकांत या रबराला दाबणारा स्क्रू किंवा चाक असते. ते एका वेळी थोडेसेच फिरवून तीन-तीन गोळ्या झाडाव्यात: गोळी लवकर पडली तर दाब वाढवावा, शेवटी वर उसळली तर कमी करावा, आणि सारखी एकाच बाजूला वळत असेल तर रबर नळीवर तिरके बसले आहे असे समजून ते सोडवून सरळ करावे. हे काम संध्याकाळी वारा पडल्यावर करावे. दाब ठरलेला असून बदलता येत नसेल, तर रबराच्या वरच्या बाजूस, म्हणजे रबराचा उंचवटा नळीत डोकावतो त्या खिडकीवर, विजेच्या बारीक वायरवरच्या आवरणाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा ठेवून दाब वाढवता येतो. माझ्या बंदुकीत पहिला तुकडा जाड निघाला आणि गोळी नळीतच अडकली. ब्लेडने तो निम्मा तासल्यावर जमले. रबर अजिबात नसलेल्या बंदुकीत मात्र या वाटेला जाऊ नये.

या रबराला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये, कारण ओशट रबरावरून गोळी घसरते आणि फिरकीच मिळत नाही. नळी साफ करताना बारीक काडीला जुन्या मलमलीचा कोरडा तुकडा गुंडाळून पुढच्या तोंडाकडून फिरवावा. लांब नळी बसवण्याची हौस मी केली नाही: सिलिंडरमधली हवा संपल्यावर उरलेली नळी गोळीला फक्त घासते. आतून 6.03 मिलिमीटरची अरुंद नळी चांगल्या गोळ्यांबरोबर नेम सुधारते, पण यात्रेतल्या गोळ्या तिच्यात अडकतात.

एवढे झाल्यावर पुन्हा खोके टांगून वेग मोजावा. तरीही स्प्रिंग बदलायचीच असेल तर मूळ स्प्रिंगपेक्षा जेमतेम कडक अशी घ्यावी, सिअर धातूची असल्याची खात्री करावी, आणि ऊर्जा पुन्हा मोजावी. काम संपल्यावर गोळ्यांची पेटी आधी काढावी, मग बंदूक जमिनीकडे रोखून एकदा चाप ओढावा, कारण ताणलेली ठेवलेली स्प्रिंग काही दिवसांत सैल पडते आणि पेटी काढली तरी एखादी गोळी नळीत राहिलेली असू शकते.