पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट नाही, खरी फाइल न्या

वडोदऱ्यात दांडिया बाजार नाहीतर रावपुऱ्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघा, पोरं पेनड्राइव्ह लावतात आणि प्रोजेक्ट काही उघडत नाही, कारण घरून डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी करून आणलेला असतो, फाइल घरीच. म्हणून निघायच्या आधी आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का बघा आणि राइट क्लिक करून साइज बघा, एक-दोन केबी असेल तर तो फक्त पत्ता आहे. नाव एलएनकेने संपतं पण विंडोज ते दाखवत नाही, एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू केली तरी नाही, त्यामुळे नावावर विसंबू नका.

आणि पेनड्राइव्हमधलं सगळंच अचानक शॉर्टकट झालं असेल तर तो व्हायरस आहे, एकावरही डबल क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅट तर मुळीच मारू नका!! फाइली बहुतेक वेळा आतच असतात, नुसत्या लपवलेल्या. आधी अँटीव्हायरसने स्कॅन करा, मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी, उघडून पेनड्राइव्हच्या अक्षरावर जा आणि अ‍ॅट्रिब, मायनस एच, मायनस आर, मायनस एस, पुढे स्टार डॉट स्टार, स्लॅश एस, स्लॅश डी असं द्या, फोल्डर परत दिसतील, मग ते खोटे शॉर्टकट उडवा.

आता सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फाइल किंवा फोल्डरकडे नेणारी लिंक. शॉर्टकट ही साधी फाइल, ती मुख्यतः एक्सप्लोररला, म्हणजे विंडोजच्या फाइली बघायच्या खिडकीला कळते, सिमलिंक मात्र फाइल सिस्टिमच सांभाळते, म्हणून जवळपास सगळ्या प्रोग्रामना ती खरी फाइलच वाटते. ती बनवायला लिनक्स आणि मॅकवर कमांड अशी: एलएन, डॅश एस, आधी खरी फाइल, मग लिंकचं नाव. विंडोजवर एमकेलिंक आणि क्रम बरोबर उलटा, आधी लिंकचं नाव मग खरी फाइल, फोल्डर असेल तर स्लॅश डी. ही कमांड पॉवरशेलमध्ये थेट चालत नाही, कमांड प्रॉम्प्टच लागतो, तोही अ‍ॅडमिन म्हणून नाहीतर विंडोजच्या सेटिंगमधला डेव्हलपर मोड चालू करून. ते जमत नसेल तर फोल्डरसाठी स्लॅश जे देऊन जंक्शन, म्हणजे फक्त फोल्डरसाठीची तशीच लिंक, बनवा, त्याला अ‍ॅडमिन लागत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते रिलेटिव्ह पाथमध्ये, म्हणजे पूर्ण पत्ता न देता 'इथून एक फोल्डर वर' अशा पद्धतीने दिलेल्या पत्त्यात. दोन टिंबं देऊन पाथ लिहिला की तो तुम्ही टर्मिनलमध्ये जिथे उभे आहात तिथून नाही, लिंक जिथे पडलेली आहे तिथून मोजला जातो. तरी मी रिलेटिव्हच वापरा म्हणेन, कारण अख्खं फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेलं तरी आतल्या लिंका चालतात, पूर्ण पाथवाल्या तुटतात.

मॅकचा एलियास, म्हणजे तिथला शॉर्टकट, वेगळा, फाइल त्याच डिस्कवर हलवली तरी तो शोधून काढतो, पण टर्मिनलच्या कमांडना तो कळत नाही.

एफएटी ३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर सिमलिंक राहतच नाही. लिनक्सवरून नेताना सीपी या कॉपीच्या कमांडला आर आणि कॅपिटल एल द्या म्हणजे खरा मजकूर कॉपी होईल, आणि लिंका लिंका म्हणूनच हव्या असतील तर सगळ्याची मिळून एक टार फाइल (झिपसारखं एकच गाठोडं) बनवून न्या.

डिलीट करताना जपून. लिनक्सवर लिंकच्या नावाच्या शेवटी स्लॅश लावू नका, आणि विंडोजवर फोल्डरची लिंक काढायला आरएमडीआयआर वापरा, डेल नाही, डेलला हो म्हटलंत तर मूळ फोल्डरमधल्या फाइली जातात.