गाड्यांच्या भरवशाच्या याद्या कशा वाचाव्यात

'सर्वांत भरवशाच्या गाड्या' अशी यादी हाती आली, की पहिला क्रमांक कोणाचा हे पाहण्याआधी त्या यादीसाठी नेमके काय मोजले आहे, हे शोधावे. विजेवरच्या गाड्यांचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेने २०२३ च्या अखेरीस जाहीर केले, की विजेवरच्या गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा सरासरी ७९ टक्के अधिक तक्रारी नोंदवल्या गेल्या. याउलट जर्मनीतील 'एडीएसी' ही वाहनचालकांची संघटना, जिचे मदतनीस रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांकडे धावून जातात, तिच्या २०२४ च्या नोंदींनुसार दोन ते चार वर्षे वापरलेल्या दर हजार विद्युत गाड्यांमागे ४.२ वेळा मदत लागली, तर इंधनावरच्या गाड्यांमागे १०.४ वेळा. त्याच जर्मनीत सक्तीची तपासणी करणाऱ्या 'ट्यूफ'च्या २०२४ च्या अहवालात टेस्ला मॉडेल ३ ही विजेवरची गाडी दोन-तीन वर्षे वयाच्या गटात तळाला गेली, तिच्या १४.७ टक्के गाड्यांत लक्षणीय दोष सापडले.

तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. पहिल्या पाहणीत मालकाला गंभीर वाटलेली कोणतीही अडचण धरली जाते, मग ती चार्जिंगची असो वा दरवाजाच्या फटीची. दुसरीत गाडी खरोखर अडली तरच नोंद होते. तिसरीत दिवे, ब्रेक आणि सस्पेन्शन तपासतात. विद्युत गाडीचा वेग बराचसा मोटरच कमी करत असल्याने ब्रेकच्या चकत्या कमी वापरल्या जातात आणि गंजतात, शिवाय टेस्लाला दरवर्षीच्या सर्व्हिसिंगचे बंधन नसल्यामुळे असा दोष अनेकदा तपासनिसालाच प्रथम दिसतो. म्हणून आपल्याला कशाची धास्ती आहे, रात्री घाटात अडकण्याची की वर्कशॉपच्या फेऱ्यांची, हे आधी ठरवावे आणि त्यानुसार यादी निवडावी.

दुसरी गोष्ट, क्रमांकाऐवजी मूळ आकडा पाहावा. 'जे. डी. पॉवर' ही कंपनी तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना मागील बारा महिन्यांतील अडचणी विचारते आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मांडते. २०२४ मध्ये सरासरी १९० होती, लेक्सस १३५ वर, टोयोटा १४७ वर आणि ब्युइक १४९ वर. टोयोटा आणि ब्युइक यांच्यातील अंतर म्हणजे पन्नास गाड्यांमागे वर्षाला एक तक्रार. एवढ्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. लेक्सस आणि सरासरीतील अंतर मात्र दोन गाड्यांमागे एका तक्रारीहून थोडे अधिक भरते, आणि ते दखल घेण्याजोगे आहे. तक्रार कोणत्या भागाची, हेही पाहावे, कारण अशा बेरजेत वापरायला किचकट स्क्रीन आणि बिघडलेला गिअरबॉक्स सारखेच मोजले जातात. याच कंपनीच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत फोर्ड २०१० मध्ये पाचव्या स्थानी होती, ती २०११ मध्ये तेविसाव्या स्थानी घसरली, आणि त्यात टचस्क्रीनबद्दलच्या नाराजीचा मोठा वाटा होता.

पैसा कोठून येतो, तेही तपासावे. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' जाहिराती घेत नाही, पण तिला उत्तरे देणारे तिचेच सभासद असतात, 'जे. डी. पॉवर'चे पुरस्कार जाहिरातीत मिरवायचे, तर कंपन्यांना शुल्क मोजावे लागते. यामुळे आकडे आपोआप खोटे ठरत नाहीत, पण फलकावरच्या पुरस्काराचे वजन कमी होते.

भारतात आणखी एक गफलत नेहमी होते: 'भारत एनकॅप' या टक्कर-चाचणीचे तारे अपघातातील सुरक्षिततेचे असतात, टिकाऊपणाचे नव्हेत. आणि एखाद्या यादीची परीक्षाच घ्यायची असेल, तर तिच्यात मारुती सुझुकी बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा शोधाव्यात. मूळ गाडी एकच, बनवणारी सुझुकीच. तरीही दोघींच्या इंजिनाच्या भरवशात मोठी तफावत दाखवली असेल, तर ती यादी यंत्रापेक्षा बोधचिन्हाविषयीच अधिक सांगत असण्याची शक्यता आहे.