ताप उतरत नाहीये आणि डॉक्टर पेट स्कॅन सांगतायत, तयारी कशी करायची

तीन आठवडे झाले तरी ताप 101 च्या वर जातोय, मलेरिया, टायफॉइड, ब्लड कल्चर, सोनोग्राफी सगळं करून झालं आणि कारण काही सापडत नाही, अशा वेळी डॉक्टर पेट सीटी, म्हणजेच पेट स्कॅन, सांगतात. नाव ऐकूनच घरचे घाबरतात, कॅन्सर आहे का म्हणून. आमच्याकडे काकूंच्या वेळी हेच झालं, निघाला पोटातल्या गाठींचा टीबी.

ह्यात शिरेतून साखरेसारखं एक औषध देतात, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं असतं. इन्फेक्शन, सूज, गाठ जिथे असेल तिथल्या पेशी साखर जास्त खेचतात म्हणून ती जागा स्कॅनमध्ये चमकते. पण टीबीची गाठ आणि लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) गाठ दोन्ही चमकतात, त्यामुळे स्कॅन फक्त जागा दाखवतो, आजाराचं नाव बहुतेक वेळा बायोप्सीच (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं, स्टिरॉइड चालू असेल तर आधीच सांगा, कारण त्याने सूज दबते आणि रक्तवाहिन्यांच्या सुजेसारखा आजार स्कॅनमध्ये दिसायचा राहू शकतो. ताप उतरावा म्हणून कुणी आधीच स्टिरॉइड सुरू करत असेल तर स्कॅन होईपर्यंत थांबता येईल का ते नक्की विचारा, पण चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आदल्या दिवशी जिम, जिने, धावपळ नको, स्नायू चमकतात. किमान सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं, चहा नाही. शुगर 200 च्या खाली लागते, मेटफॉर्मिन ह्या डायबेटिसच्या गोळीमुळे आतडी चमकतात म्हणून ती कधी थांबवायची ते सेंटरला विचारा. हृदयाच्या झडपेत इन्फेक्शनचा संशय असेल तर आदल्या दिवसाचं जेवण वेगळं असतं, भात पोळी साखर बंद, ते लिहूनच घ्या. प्रेग्नन्सी असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही आधी सांगा.

वेळेवर पोचा, हे औषध दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं, अंगावर पांघरूण घ्या, थंडी वाजली तरी चित्र बिघडतं. नंतर भरपूर पाणी, आणि काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब.

रिपोर्टबरोबर सीडी पण मागून घ्या, सुई कुठे घालायची ते बायोप्सीवाले डॉक्टर त्यातली चित्रं बघूनच ठरवतात.