पणजीत राहून गोवा बघताय? या चुका टाळा

दुपारी साडेतीनला फोन वाजला की कोण आणि कशाला ते मला न उचलताच कळतं. "काकू, सगळं बंद आहे हो! जेवायचं कुठे?" पणजीत भाटल्याजवळ आमच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. बहुतेक पाहुणे पुणे, सांगली, कोल्हापूरचे. कुठे जायचं याची यादी घरूनच आणतात आणि ती बरीही असते. फसतात ते वेळेत.

म्हणून सुरुवात दुपारपासूनच करते. बाजारातली बरीच दुकानं एकच्या सुमारास शटर ओढतात आणि साडेतीन-चारला उघडतात. चांगल्या खाणावळीत अडीचनंतर मासा उरत नाही, तीनला स्वयंपाकघर आवरलेलं असतं. एकलाच जेवायला बसा. उशीर झालाच तर हॉटेलं शोधत उन्हात फिरू नका. कदंब म्हणजे सरकारी बसच्या स्टँडकडे या, भाजी-पाव तरी मिळेल. संध्याकाळी रोस आम्लेटचे (आम्लेटवर झणझणीत रस्सा) गाडे लागतात, तेव्हा खरी भूक भागवा.

विमानतळ दोन आहेत

मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे आणि दाबोळीही चालूच आहे. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. मोपा उत्तर टोकाला पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. मध्ये दीड-दोन तासांचा रस्ता. आमच्याकडचं एक जोडपं येताना दाबोळीला उतरलं होतं, म्हणून परतीलाही निमूट दाबोळीला गेलं. विमान मोपाहून सुटलं. तेव्हापासून पाहुणे निघायच्या आदल्या रात्री तिकीट मी स्वतः बघते.

रेल्वेचंही तसंच. 'गोवा म्हणजे मडगाव' समजून लोक मडगावचं तिकीट काढतात आणि तिथून तासभर उलटे येतात. पणजीला यायचं तर करमळी जवळ. गाडी तिथे थांबत नसेल तर थिवी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा जुना स्क्रीनशॉट धरून बसू नका.

गाड्या

ओला-उबर इथे चालत नाही. गोवा माईल्सचं ॲप आहे, नाहीतर टॅक्सीवाल्याशी बसायच्या आधी भाडं ठरवायचं. पणजीहून मडगाव, म्हापसा, वास्कोला कदंबच्या विनाथांबा बस आहेत. तिकीट आधी खिडकीवर घ्या. मात्र रात्री आठनंतर बसच्या भरवशावर राहू नका. स्कूटर भाड्याने घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, ते बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी स्कूटर शंभर रुपयांनी स्वस्त पडते, पण पोलिसांनी अडवलं तर दंड तुम्हाला आणि अपघात झाला तर विम्याची बोंब.

आणि भाड्याची जीप घेऊन वाळूत उतरू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय चाकं रुतल्यावर भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

समुद्र

इथे मात्र मी जरा कडक होते. लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. लाल-पिवळे दोन बावटे दिसले तर त्या दोघांच्या मधेच पोहायचं. जून ते सप्टेंबर समुद्र फक्त बघायचा. किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत आत जातं. गंमत अशी की तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून तीच जागा शांत वाटते आणि माणसं नेमकी तिथे उतरतात. ओढले गेलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमाल. हात वर करून हाक मारा, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर या, मग तिरके किनाऱ्याकडे वळा. पिऊन पाण्यात जाणाऱ्याला मी खोली देत नाही, हे आधीच सांगते.

जुलैत सुरमई मागणारे

1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात पडलेली सुरमई बर्फातली किंवा बाहेरून आलेली असण्याचीच शक्यता जास्त. सुरमईला इथे इसवण म्हणतात, तेही लक्षात ठेवा. मेनूकार्ड बघण्याऐवजी सरळ विचारा, "आयज ताजें कितें आसा?" खुबे (शिंपल्यातले), खाडीतली सुंगटां म्हणजे कोळंबी, सुक्या सुंगटांची खोबरं घातलेली किसमूर आणि सोलकढी असा बेत पावसात कितीतरी बरा.

दूधसागरचंही तेच. धो धो पावसात धबधबा भरलेला असतो, पण कुळ्याहून जाणाऱ्या जीप तेव्हा बंद असतात आणि रुळांवरून चालत गेलात तर रेल्वे पोलीस परत पाठवतात, वर दंड. पावसात हरवळ्याला जा. धबधबा आहे, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ आहे, जवळच लेणी आहेत.

देवळं शेवटच्या दिवशी, अर्ध्या चड्डीत

ही खास आपल्या लोकांची चूक. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा ही कित्येकांची कुलदैवतं, तरी ती 'वाटेत जमलं तर' या खात्यात. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीला. 1560 मध्ये देव तिथून नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात नेले, कारण पोर्तुगीज देवळं पाडत होते आणि फोंड्यावर तेव्हा त्यांचा अंमल नव्हता. फोंड्याच्या परिसरात एवढी देवळं का, याचं उत्तर त्या पळापळीत आहे. अभिषेक करायचा असेल तर आदल्या दिवशी देवस्थानात चौकशी करा आणि सकाळी लवकर पोचा. कुटुंबासह मुक्काम हवा असेल तर अग्रशाळेत खोली मिळते का, तेही विचारा. चड्डीवर दारातून परत फिरावं लागलं तर माझ्याकडे दोन लुंग्या आहेत, पण त्या पणजीत.

"कोकणी म्हणजे मराठीच ना?"

हे वाक्य टॅक्सीत, बाजारात, कुठेही बोलू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या 1967 च्या जनमत कौलापासून 1987 च्या राजभाषा कायद्यापर्यंत इथली माणसं या प्रश्नावर भांडली आहेत. कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही सोय राहिली. आमच्या घरी तर सासूबाई बोलायच्या कोकणीत, पेपर वाचायच्या मराठी आणि वाद दोन्हीत घालायच्या. तुम्ही मराठीत बोला, सगळ्यांना कळतं. निघताना "देव बरें करूं" म्हणा, समोरचा खूश होतो.

परतीच्या गाडीत दारूच्या बाटल्या भरणाऱ्यांना एवढंच सांगते: परवाना घ्या, नाहीतर महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुलीच्या नाक्यावर सगळं सामान रस्त्यावर काढावं लागेल. काजू कितीही न्या.

शेवटची तक्रार पहाटेची. "कुणीतरी खिडकीखाली भोंगा वाजवतं हो." तो पदेर म्हणजे पाववाला, सायकलवर पोई (इथला गव्हाचा पाव) घेऊन येतो. तोंड धुऊन, केस विंचरून खाली याल तोवर तो पुढच्या वाड्यात पोचलेला असतो. सुटे पैसे उशाशी ठेवा आणि भोंगा ऐकू आला की आहात तसे धावत सुटा.