सॅन स्टॉर्मच्या दाराचं नवं पॅनल

गोव्यात बनलेली माझी दोन सीटची सॅन स्टॉर्म गाडी. दाराच्या आतलं पॅनल ओलीने फुगलं, म्हणून डुप्लिकेट मागवलं. क्लिपांची भोकं ४ मिमी सरकलेली! ठोकून बसवायचा मोह आवरला. जुन्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापून भोकं नव्याने पाडली.

खरी गोम पॅनलमागच्या प्लास्टिकच्या कागदात होती. काचेवरून पाणी दारात उतरणारच, ते खालच्या भोकांतून निघून जातं. कागद फाटला की पॅनलचा हार्डबोर्ड पाणी पितो. खालची भोकं तारेने मोकळी केली, जाड प्लास्टिक ब्यूटाइल टेपने (रबरी चिकट पट्टीने) चिकटवलं, खालची कड दाराच्या आत वळवली. मग एकेक क्लिप तळव्याने दाबली, 'टक' ऐकूनच पुढची. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून कासला धो धो पावसात जाऊन आलो. पॅनल खडखडीत कोरडं!