जांबोटी सोडताना एसी हातात घ्या

गेल्या जुलैत गोव्यातल्या डिचोलीहून, बहिणीकडून चोर्ला घाटाने खानापूरला परत येताना कणकुंबीच्या अलीकडे माझ्या गाडीची पुढची काच बघता बघता पांढरी झाली. आत आम्ही चौघं, सगळे थोडेफार भिजलेले, पायाशी दोन ओल्या छत्र्या. समोरून बस येत होती. जुन्या गाडीत माझा हात न बघता गोल बटणावर गेला असता. या गाडीत काचेवर वारा सोडायचं चिन्ह स्क्रीनवर आहे. ते शोधायला नजर खाली नेली आणि वर केली तोवर बस अगदी शेजारून निघून गेली होती. काही झालं नाही, पण जांबोटीला गाडी थांबवून चहा घेईपर्यंत माझे हात थरथरत होते.

मी खानापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवते. अकरा वर्षं तीन गोल बटणांची गाडी चालवली, दोन वर्षांपासून ही ऑटो एसीवाली, म्हणजे लावलेलं तापमान आपोआप राखणारी, आहे. सासर अथणीचं आणि बहीण गोव्यात. म्हणजे एकच गाडी मे महिन्यात अथणीच्या उन्हात तापते आणि जुलैत चोर्ला घाटाच्या पावसात भिजते. ऑटोवर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही, हे मला या दोन रस्त्यांनी शिकवलं.

आधी ऑटो काय करतो ते समजून घ्या. तुम्ही तापमान २४ लावलंत की डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागचा सेन्सर आतली हवा मोजतो, पुढे बंपरपाशी असलेला बाहेरची, आणि काचेलगतचा काळा टिकलीएवढा घुमट ऊन किती पडतंय ते बघतो. त्यावरून गाडी पंख्याचा वेग ठरवते आणि गार हवेत गरम हवा किती मिसळायची तेही ठरवते. ही सोय तशी जुनी. अमेरिकेत कॅडिलॅक या मोटार कंपनीने ती १९६४ सालीच दिली होती. पण ऑटो राखतो तो फक्त तापमानाचा आकडा. काचेजवळचा ओलावा मोजणारा सेन्सर सगळ्या गाड्यांत नसतो, माझ्या गाडीत नाही.

त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, गारठले मी," म्हणून मी एसीचं बटण बंद केलं. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी केरीजवळ ट्रकचा धूर येत होता म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं होतं, ते तसंच राहिलं. बाहेर गारवा, आतला आकडा जुळलेला, त्यामुळे पंखाही मंदावला. चौघांचा श्वास आणि ओल्या कपड्यांची वाफ जाणार कुठे? गार काचेवर दव धरलं. गाडीच्या हिशेबाने सगळं ठीक होतं.

म्हणून पावसात घाटातून जायचं असेल तर जांबोटी सोडतानाच, गोव्याकडून येत असाल तर केरीलाच, गाडी बाजूला घ्या आणि चार गोष्टी हाताने लावा. बाहेरची हवा आत घ्यायचं बटण चालू. एसी चालूच, कितीही गार वाटलं तरी, कारण हवेतलं पाणी तोच काढून घेतो. तापमान २५-२६ करा. जुन्या गाडीत गोल बटण निळ्याकडून थोडं लाल खुणेकडे फिरवा. वाऱ्याची दिशा काच आणि पाय. गारठ्याचा इलाज एसी बंद करणं नाही, तापमान वाढवणं हा आहे. लाल बाजूला नेलं की पेट्रोल जास्त जळतं असं आमच्या स्टाफरूममध्येही ठामपणे सांगितलं जातं. तसं नाही. ती ऊब इंजिनच्या गरम पाण्याची, एरवी वाया जाणारी. इंधन खातो तो एसीचा कॉम्प्रेसर.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. काच पांढरी झाली की आधी तिच्यावर आतून बोट ओढा. रेघ उमटली तर दव आतून आहे: एसी चालू, बाहेरची हवा, थोडी ऊब, वारा काचेवर. रेघ उमटली नाही तर दव बाहेरून आहे, आणि मग वाऱ्याचा उपाय उलटा. एसीच्या गार झोताने काच इतकी थंड झालेली असते की घाटातल्या ओल्या हवेतली वाफ बाहेरून तिच्यावर जमते, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जमते तशी. अशा वेळी वायपर एकदा फिरवा, गार वारा काचेवरून काढून पायाकडे वळवा आणि तापमान वाढवा. मी पहिल्या पावसाळ्यात बाहेरचं दव आतून फडक्याने पुसत बसले होते.

अथणीचा रस्ता वेगळा. तिथे उलट ऑटोला हात लावू नका. उन्हात उभी गाडी असेल तर समोरासमोरच्या दोन काचा उघडून मिनिटभर चालवा, कोंडलेली गरम हवा निघून जाऊ दे, मग काचा बंद करून आतली हवा फिरवा आणि २४ वर सोडून द्या. आमचे हे बसल्या बसल्या तापमान एकदम 'लो', म्हणजे सगळ्यात खाली, करतात. त्याने गारवा लवकर येत नाही. गाडी तापलेली असताना ऑटो पंखा तसाही जोरात लावतो, आणि 'लो'वर ठेवलं की तापमान सांभाळायचंच सोडून देतो. चिकोडीच्या पुढे सगळ्यांना हुडहुडी भरते. उसाच्या ट्रॅक्टरमागे धुळीत अडकलात तर आतली हवाच बरी, पण तासन्‌तास तशी ठेवू नका. कोंदटलेल्या हवेत झोप येते. अर्ध्या तासाने थोडा वेळ बाहेरची हवा घ्या.

एकदा भर दुपारी समोरचे लोक मला हात करून दिव्यांची खूण करत होते. दिवे आपोआप लागलेले, आणि एसीही ढिला पडलेला. कारण सापडायला दोन दिवस गेले. सासूबाईंनी डॅशबोर्डवर सौंदत्तीच्या यल्लम्माची तसबीर ठेवली होती, नेमकी त्या काळ्या घुमटावर. माझ्या गाडीत तोच सेन्सर दिवेही सांभाळतो. त्याच्या लेखी संध्याकाळ झाली होती. तसबीर हातभर बाजूला सरकवली, दोन्ही तक्रारी गेल्या. तुमच्याकडे गणपती असो की टॉवेल, तो घुमट आणि ती जाळी मोकळी ठेवा.

ग्लोव्हबॉक्समागचा फिल्टर मे संपायच्या आत बदला. माझा काढला तेव्हा धुळीने आणि पानांच्या चुऱ्याने भरला होता. घर जवळ आलं की एसी बंद करून पंखा दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, आतला ओलावा सुकतो आणि कुबट वास येत नाही.

आणि एखाद्या रविवारी अंगणात उभ्या गाडीत बसा, नजर समोर ठेवा आणि काचेवर वारा, एसी, बाहेरची हवा, तापमान ही चार बटणं हाताने शोधा. स्क्रीन असेल तर कोपऱ्यापासून किती बोटांवर काय आहे ते पाठ करा. मला तीन रविवार लागले.